बिनधनीची डिस्क

"सर, ही डिस्क कुणाची हाय?" सुकन्यानं माऊसवरचं बोट उचलून विचारलं.

रविकांतनं खुर्ची पुढं ओढली. नांदेडच्या त्या स्कॅन सेंटरमधली कॉम्प्युटरची खोली चौदा वर्षं त्याच्या एकट्याच्या ताब्यात होती. आता डॉक्टरांनी नवं सॉफ्टवेअर आणलं होतं. मुख्य सर्व्हरवर ते सकाळीच बसलं. त्याचा छोटा भाग बाकीच्या पाच मशीनवर टाकला, की कुठल्या डिस्कवर काय आहे आणि किती जागा उरली आहे, ते सगळं एकाच पडद्यावर दिसणार होतं. म्हणजे आजवर जे फक्त रविकांतच्या डोक्यात होतं, ते. आणि ते टाकणार कोण, तर मुदखेडहून रेल्वेनं ये-जा करणारी, कामाला लागून तीन आठवडे झालेली ही पोरगी!

चार मशीन बिनबोभाट झाली. पाचव्यावर एक मोठी डिस्क सापडली, तिला ना नाव, ना धनी. पडद्यावर प्रश्न आला: वापरात नाही, पुसून नव्यानं तयार करू का?

तिच्यावर बारा हजार पेशंटांचे जुने स्कॅन होते. डिस्क मशीनच्या आतच बसवलेली होती, पण एरवी कुणाला दिसायची नाही. कुणी मागायला आलं की रविकांत दार लावून घ्यायचा, पडद्यावरून ती जोडायचा, हवं ते काढून द्यायचा आणि पुन्हा तोडून ठेवायचा. कागदावर त्यानं एक अक्षर उतरवलं नव्हतं. उतरवलं तर आपल्याला कुत्रं विचारणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"मला तर रिकामी दिसून राहिली," सुकन्या म्हणाली. "पण तुमीच सांगा सर. चुकलं तर डॉक्टर घरी पाठवतेत. घरात माझा एकटीचाच पगार हाय."

रविकांतच्या मनात पाप आलं, आणि ते त्याला गोड लागलं. हिच्या हातून एकदा मोठं नुकसान झालं, की डॉक्टरांना आपली किंमत कळेल.

"हाव, रिकामीच हाय. दाब बिनधास्त."

तिनं दाबलं.

दुपारी डॉक्टर मुकुल आले. रविकांतनं चेहरा पाडून सांगितलं, "साहेब, पोरीनं जुने स्कॅन पुसले. सगळे."

"सर, तुमीच तर..." सुकन्या रविकांतकडं वळली.

डॉक्टरांनी पडद्याकडं पाहिलं. "किती जुने?"

"सहा वर्षांच्या मागचे."

"मग बरंच झालं की. ते ठेवायचं आपल्यावर बंधन नाही. नवी डिस्क घ्यायची वाचली." ते सुकन्याकडं वळले. "छान केलंस. उद्यापासून ही खोली तू सांभाळ. रविकांत, तुम्ही काउंटरवर बसा. जुनं मागायला कुणी आलं, तर नाही म्हणून सांगत जा."

सुकन्यानं डोळे पुसले. रविकांतला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर पहिलीच बाई लोहा गावची होती, सिंधु.

"भाऊ, मालकाच्या डोक्याचा जुना फोटो काढून द्या. परवा हैदराबादला आपरेशन हाय. गाठ किती वाढली ते बघितल्याबिगर हात लावत न्हाई म्हंते तिथला डॉक्टर. मागं तुमीच दिलता, ती सीडी लेकरानं मोडली."

रविकांतनं तिला ओळखलं. नवऱ्याचं नावही त्याला आठवलं.

"आमच्याकडं तसलं काही नव्हतंच, बाई," तो म्हणाला, आणि मागच्या माणसाला त्यानं हातानं पुढं बोलावलं.