दार बंद, दोन टन

"आत किती शेगड्या पेटत्यात?" टेप गुंडाळत शंभूनं विचारलं.

स्वप्नालीनं गल्ल्यावरून मान वर केली. एसी बसवायचा होता पुढच्या हॉलात. या माणसाला स्वयंपाकघराशी काय करायचं होतं?

"तीन. पन एसी हितं लावायचाय, तिकडं न्हाई."

"व्हय ताई. पन तिकडची गरमी हितंच येती. ती बी धरावी लागती."

शिरूरला पुणे-नगर रस्त्यावरचं तिचं हॉटेल लहानच. पाच टेबलं, वीस माणसं. बायपासला एसी हॉटेल झाल्यापासून दुपारची गिऱ्हाइकं तिकडं वळायला लागली होती. त्या मालकानं तिचा एक वेटरही फोडला होता. उरलेली गिऱ्हाइकं टिकून होती ती आत रांधणाऱ्या भामाबाईंच्या मटणाच्या रश्श्यावर. भामाबाई गेल्या की हॉटेलला कुलूपच, हे स्वप्नालीला पक्कं ठाऊक होतं.

शंभूचं काम मात्र नीटनेटकं होतं. हॉल अठरा बाय बारा. वर पत्रा. पश्चिमेला काच. सगळं त्यानं कागदावर उतरवलं.

"आत कोण असतं? सकाळी किती वाजल्यापासनं?"

"ते कशाला?"

"माणसं बी मोजावी लागत्यात ताई. माणसाच्या अंगाची बी गरमी असती."

उत्तर बरोबर वाटलं, पण त्याची नजर सारखी आतल्या दाराकडं जात होती. आणि एरवी आल्या-गेल्याला स्वतःच्या हातानं पाणी देणाऱ्या भामाबाई आज बाहेर आल्या नव्हत्या. पाठ करून, पदर ओढून शेगडीशी उभ्या होत्या.

टेप घेऊन शंभू त्या दारात गेला. हलक्या आवाजात काहीतरी बोलला. भामाबाईंनी न वळताच मान हलवली. नाही म्हणून.

तो काच मोजायला परतल्यावर स्वप्नाली आत गेली. "काय म्हनत होता?"

"काय न्हाई. दाराची रुंदी इचारली."

दाराची रुंदी टेपनं मोजतात, बाईला विचारत नाहीत.

स्वप्नालीनं हॉटेलाबाहेर येऊन दौंडच्या एसीच्या दुकानात फोन लावला.

"शंभू आमचाच हाय," दुकानदार म्हणाला. "नऊ वर्षं झाली. हुशार गडी. आज त्याची सुट्टी होती, पन तुमच्या हॉटेलाचं नाव ऐकलं आन् म्हनला, मीच जातो."

"शिरूरला बायपासच्या हॉटेलात एसी कुनी बसवला?"

"आम्हीच की. शंभूनंच."

स्वप्नालीनं फोन ठेवला. आता सगळं जुळत होतं. आधी वेटर, आता भामाबाई.

ती हॉलात परतली तेव्हा शंभू टेबलावर कागद पसरून बसला होता.

"तुम्हाला बायपासवाल्यानं धाडलंय ना?"

शंभूनं शांतपणे तिच्याकडं पाहिलं. "मला कुनी धाडलं न्हाई ताई. हिशोब सांगू का?"

"सांगा."

"दीड टन तर इसराच. आतलं दार उघडं ऱ्हायलं तर दोन-दोन टनांचे दोन लागतील. दार बंद ठिवलं तर दोन टनाचा एक भागंल."

स्वप्नालीला जरा हायसं वाटलं. दोन विकायची संधी असूनही हा एकावर भागेल म्हणत होता. माणूस खरा असावा.

"मग बंदच ठेवू."

"आन् आतल्या बाई? तिकडं खिडकी बी न्हाई."

"त्यांना सवय हाय. गेल्या आठवड्यात जरा चक्कर येऊन पडल्या. तोंडावर पानी मारलं, तासाभरात पुन्हा उभ्या ऱ्हायल्या. खमक्या हायत."

शंभूनं पेन खिशाला लावलं.

"बरं," तो म्हणाला आणि उठला.

बाहेरच्या दाराकडं न जाता तो सरळ आत शिरला. एकामागून एक तिन्ही शेगड्या त्यानं बंद केल्या.

"ओ! काय करताय?" स्वप्नाली धावत दारात आली. "मला वाटलंच हुतं. माझी बाई फोडायला आलाय तुम्ही!"

शंभूनं तिच्याकडं वळूनही पाहिलं नाही. भामाबाईंच्या हातातला डाव त्यानं काढून घेतला आणि ओट्यावर ठेवला.

"आये, चल घरी. लई दिस सांगत आलीस मला, हाटेलात नुसती गल्ल्यावर बसती म्हनून."