फुकटचा बूस्टर

"रिचार्ज आमी भरतो, अन् घरात रेंज पाह्यजे तं बूस्टरचे पैसेबी आमीच द्याचे? काऊन?" मोबाइल कंपनीच्या माणसाशी रूपराव वर्षभर हेच भांडत होते. त्यांची बायको गोपिका कोथिंबिरीच्या जुड्या बांधता बांधता म्हणायची, "मी देतो ना सांबार विकून. पुण्याहून पोराचा आवाज तं आयकीन." पण रूपराव हटून बसले होते.

पोराची खुशाली कळायची ती फक्त आष्टीच्या बाजाराच्या दिवशी. तिथे रेंज होती. भाजी विकून आले की रूपराव सांगायचे, "ऋतिकचा फोन आलता. तुले इचारत होता."

आज कंपनीचा माणूस बूस्टर घेऊनच दारात आला. "काकाजी, जिंकले तुमी. एक पैसा नाई लागत."

कोथिंबिरीच्या जुड्या तशाच टाकून गोपिका त्याच्यासाठी चहा ठेवायला आत पळाली. रूपरावांनी बूस्टर हाताने मागे सारला.

"वापस घेऊन जाय, बाबू."

"आता काऊन, काकाजी?"

रूपरावांनी आत पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"बजारातबी त्याचा फोन कदी आला नाई."