उजव्या खांद्यावरचा तारा

कुंबा हसत आली, याचंच बिरामला आधी बरं वाटलं. ज्यांची पोरं समुद्राने नेली त्या बायका त्याच्या दारात रडत यायच्या, नाहीतर सरकारला शिव्या देत. कुंबाच्या हातात धुरी दिलेल्या माशांची टोपली होती.

"धर रे. थियारोय गावच्या सगळ्या आयांकडून समज," ती म्हणाली.

बिरामने तिला अंगणात चटईवर बसवलं आणि पुदिन्याचा चहा निखाऱ्यावर ठेवला. पलीकडे त्याचा बाप, म्हातारा सांबा, फाटलेलं जाळं शिवत होता. त्याने मान वर केली नाही.

अशा भेटींची बिरामला आताशा सवय झाली होती. स्पेनच्या ओढीने होड्यांत बसणाऱ्या पोरांसाठी त्याने रॅप केलं होतं. नको जाऊस, भावा, असं दर कडव्याच्या शेवटी होतं. डाकारच्या रेडिओवर ते वाजायचं, शाळेच्या भिंतींवर त्याच्या ओळी रंगवल्या होत्या. त्या गाण्यामुळे घरी राहिलेली पोरं होती, आणि त्यांच्या आया त्याला असंच काहीबाही आणून द्यायच्या.

गाणं गाजलं ते खरेपणामुळे. किनाऱ्यावरची पोरं महाखवचट. समुद्र न पाहिलेला कुणी समुद्राचं गायला लागला, तर शिट्ट्या मारून त्याला मंचावरून उतरवतात. आणि बिरामला तर होडीत पाय ठेवला की उलट्या व्हायच्या. म्हणून तो बापाच्या मागे लागला; स्पेनपर्यंतची वाट म्हाताऱ्याला पाठ होती.

इथे वाट कागदावर नसते. वल्ह्याच्या तालावर बाप ती मुलाला गाऊन शिकवतो, तीही होडीत, घरात कधीच नाही. सांबाने बरेच दिवस ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "बाबा, पोरं वाचवायची आहेत," असं बिराम म्हणाला तेव्हा म्हातारा विरघळला. होडी नाही तर नाही, निदान पाय तरी ओले हवेत, म्हणून त्याने लेकाला घोटाभर पाण्यात उभं केलं आणि सगळी वाट गाऊन दाखवली. कुठे पाण्याचा रंग बदलतो, कुठल्या दिव्यापासून लांब राहायचं, सगळं.

त्या वाटेवरचं गाणं तयार झालं तेव्हा सांबाने ते डोळे मिटून ऐकलं.

"शेवटचं चुकलंय," तो म्हणाला. "किनाऱ्याचे दिवे संपले की ध्रुव नाकासमोर धरायचा. तू त्याला उजव्या खांद्यावर घेतलास. तसं गेलं तर पुढे काही नाही. नुसतं पाणी."

बिराम हसला होता. "बाबा, नाकासमोर म्हटलं तर पोरं खिदळतील. खांद्यावर कसं यमकात बसतं. मेलेल्या माणसाचा हात पडावा तसा तारा. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. गाणं आहे हे, सुकाणू नाही."

"समुद्राबद्दल खोटं बोलू नये," म्हातारा म्हणाला. "तो ऐकतो."

त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. गाणं कुठे लागलं, की तो उठून आत जायचा.

"मातार दिसला नाही हल्ली," बिरामने चहा ओतता ओतता विचारलं. मातार हा कुंबाचा एकुलता एक मुलगा. बिरामच्या प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत उभा राहून तो शब्द न शब्द म्हणायचा.

"कसा दिसेल? गेला ना तो."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? पौर्णिमेच्या भरतीला निघाली ना पोरं. आमची अर्धी गल्ली रिकामी झाली."

चहा पेल्याबाहेर सांडला. रस्ता आठवड्याभराचा, आणि आता चंद्राची नुसती कोर उरली होती.

"फोन नाही आला अजून," कुंबा म्हणाली. "तिकडे धरून ठेवतात म्हणे आधी. फोनही काढून घेतात."

"पण मावशी, मी नको म्हणालो होतो. दर कडव्यात म्हणालोय!"

"म्हणालास की. मीही म्हणाले. आईचं तरी कुणी ऐकलंय?" ती पुन्हा हसली. "निघायच्या आदल्या दिवशी पोलिसांनी त्यांचा तांडेल उचलला, वाट दाखवायच्या यंत्रासकट. मला वाटलं, चला, सुटले! तर मातार म्हणतो कसा, आई, तांडेल कशाला हवाय? बिरामदादाचं गाणं आहे ना. सगळ्या होडीला तोंडपाठ आहे."

टोपलीच्या कडेवर बोटांनी वल्ह्याचा ताल धरून ती गुणगुणली. आवाज बेसूर होता, पण शब्द एकही चुकला नाही.

"दिवे विझले मागे सारे काळ्या पाण्यावर,
आई, ध्रुव तेवढा राहिला उजव्या खांद्यावर."

सांबाची सुई जाळ्यात थांबली.

"म्हणून मला झोप लागते रे," कुंबा म्हणाली. "बाकीच्या आया रात्र रात्र वाळूत बसून असतात. मी त्यांना सांगते, सांबाच्या लेकाचं गाणं आहे, त्यात चूक कशी असेल?" ती म्हाताऱ्याकडे वळली. "तुम्हीच शिकवलंत ना त्याला, दादा? बरोबर आहे ना सगळं?"

बिरामने तोंड उघडलं, पण बापाने हात वर करून त्याला गप्प केलं. जाळं बाजूला सारून म्हातारा उठला, गुडघे धरत कुंबाजवळ आला आणि तिच्या कानाशी वाकला. भिंतीपलीकडे लाटा आपटत होत्या.

"बरोबर आहे, पोरी," समुद्राला ऐकू जाणार नाही इतक्या हळू तो म्हणाला. "उजव्या खांद्यावरच."