चार दारं

मूळ सर्व्हर नुकताच शुद्धीवर आला होता. त्यावर "उतरला" ही नोंद आधी होती आणि "चढला" नंतर. राखीव सर्व्हरवर नेमकं उलटं. वीज कंपनीचे सर्व्हर तीच सांभाळायची; तिने दोन्ही नोंदी पुन्हा ताडून पाहिल्या. नोंदी तिच्या दादाच्या होत्या. तो लाइनमन. एका खांबावरून उतरून लगेच पुढच्या खांबावर चढला होता. मध्ये रेंज नव्हती, म्हणून त्याच्या फोनने दोन्ही नोंदी एकदम पाठवल्या. सकाळी त्या पोचल्या आणि लगेच मूळ सर्व्हर बंद पडला; तेव्हापासून नियंत्रण कक्ष राखीव सर्व्हरवर चालला होता. आणि तो सर्व्हर सांगत होता, माणूस खाली उतरलाय, लाइन मोकळी आहे.

चूक तिचीच होती. पूर्वी राखीव सर्व्हरवर नोंदी एका दारातून, रांगेने यायच्या. मूळ सर्व्हरवर ज्या क्रमाने पक्क्या झाल्या, त्याच क्रमाने. रांग लांबली की साहेब करवादायचे. मग तिने चार दारं उघडली. ज्याला जसं जमेल तसं आत या! एकही नोंद गळेना, सगळं झटपट पोचू लागलं. तिची पाठ थोपटली गेली. क्रमाचं कुणी विचारलंच नाही. पुढे वीजकेंद्राकडे जाणारे बटणांचे हुकूमही तिने हौसेने तसेच चार दारांतून सोडले.

दादा फोन खाली पिशवीत ठेवून चढायचा. तो उचलणार नव्हता. नियंत्रण कक्षाचा फोन लागेना. जीव मुठीत धरून ती जिने उतरत धावली.

खोली तापली होती. संगणक बॅटरीवर होते, पण पंखा बंद. तो दादाच्याच लाइनवर. ऑपरेटरकाका एका हाताने फाइलचा वारा घेत होते. दुसऱ्या हाताचं बोट लाइन चालू करायच्या बटणाकडे निघालं होतं.

"काका, थांबा! दादा वर आहे!"

बोट टेकलंच. "चालू" गेलं. पण काका हाताचे चलाख. पापणी लवायच्या आत त्यांनी "बंद" दाबलं.

"हुश्श! रडू नकोस, पोरी. तिकडचा स्विच बसायला वेळ घेतो. त्याच्या आत बंदचा हुकूम पोचतोच. चालूच्या मागोमाग पाठवलाय मी."

मागोमाग. एकदम सुटलेले दोन हुकूम, आणि दारं चार. तिने मान वर केली.

पंखा हलला. मग फिरू लागला, आणि फिरतच राहिला.