मेहुण्याचा जबडा

परदेशातल्या धंद्यात पैसे गुंतवून तिकडेच कायमचं राहायचं, म्हणून छापखानेवाल्याने घर विकलं आणि बायको-पोरीला घेऊन मशीनमागच्या खोलीत संसार थाटला. तिकडच्या व्हिसाच्या अर्जाचं काम बघत होता मेहुणाच, त्याचा धंदाच तो. पोरगी शाळेतून कॉलेजात गेली, तरी मंजुरी येईना.

परवा विचारायला गेला, तर मेहुणा चहा ढवळत म्हणाला, "भावोजी, इतकी कसली घाई?"

छापखानेवाल्याचं डोकंच फिरलं. त्याने लोखंडी खुर्ची उचलून मेहुण्याच्या तोंडावर घातली. तो रक्ताच्या थारोळ्यात कोसळला, तरी हा लाथा घालतच राहिला. लोकांनी ओढून काढलं तेव्हा मेहुण्याचा जबडा मोडला होता.

दुसऱ्या दिवशी बायको कोठडीच्या गजांपाशी आली. "मंजुरी आलीय. आता फक्त पोलिसांचा दाखला हवा, तुमच्यावर एकही गुन्हा नाही असा."

तो गजांना येऊन भिडला. "अगं, तुझ्या भावाचे पाय धर! तक्रार मागे घ्यायला सांग."

"धरून आले. बांधलेल्या जबड्यातून कसंबसं बोलला..."

"काय म्हणाला?"



"'घेतो की, ताई. पण अशा कामांना वर्षं लागतात.'"