मंदाची आण

"साक्षीदार बेबाबाई त्या दुपारी घरी नव्हत्या, असं त्या शपथेवर सांगतात," न्यायाधीशांनी वाचलं. मग चष्मा काढून बेबाबाईकडे जरा वेळ पाहिलं. कोर्टाला मनात येईल ते लिहिता येत नाही, पुढ्यात येईल तेच लिहावं लागतं. बायको कुंदाच्या खुनाच्या आरोपातून रतिलाल निर्दोष सुटला.

बेबाबाई त्याची शेजारीण. तिची लेक मंदा रतिलालच्याच भावाला दिलेली, धुळ्याला नांदत होती. खरं बोललं तर मंदाचं नांदणं संपलं, कदाचित मंदाही. म्हणून बेबाबाई 'ईश्वरसाक्ष खरं सांगेन' म्हणाली आणि देवाच्या नावावर धडधडीत खोटं बोलून मोकळी झाली.

कोर्टाबाहेर लिंबाखाली ती जरा टेकली, तोच मेलेल्या कुंदाची आई द्रौपदाबाई शेजारी येऊन बसली. आता शिव्याशाप ऐकायचे म्हणून बेबाबाईने पदर घट्ट ओढून घेतला.

द्रौपदाबाईचा आवाज मात्र नुसता थकलेला होता.

"बेबा, कोर्ट सरनं. आते त्यानं काही नही. इतलंच सांग, मरतांना मनी पोरनी माले हाक मारी का?"

बेबाबाईला भडभडून आलं. 'मी घरी नव्हतेच' हे वाक्य जिभेवर होतं, पण त्या तोंडाकडे बघून ते बाहेर पडेना. निदान एवढं तरी हिच्या पदरात टाकावं.

"हाव अक्का. माय, माय करी राहिंती."

"मंदानी आण?"

कोर्टातली शपथ वेगळी. पोटच्या पोरीची आण खोटी घेतली तर ती पोरीलाच बाधते, हे बेबाबाईला बाळकडूतच मिळालेलं.

"मंदानी आण."

द्रौपदाबाईने डोळे पुसले. "बस. माले इतलंच पाहिजे व्हतं," म्हणाली आणि कोर्टाकडे वळूनही न बघता स्टँडकडे चालू लागली.

बेबाबाईला उठवेना. कुंदाने मायला हाक मारलीच नव्हती. मागच्या दाराशी येऊन ती सारखी म्हणत होती, "बेबाकाकी, दार उघड वं."

आणि बेबाबाई आतून कडी दाबून उभी होती.