दुसरा डबा

चंपाबाई दरवर्षी दसऱ्याला नागपूरला, दीक्षाभूमीवर जायची. यंदा गुडघ्यांनी दगा दिला. निदान टीव्हीवरचा सोहळा रेकॉर्ड करून ठेवावा, म्हणून तिची लेक आम्रपाली आईला घेऊन बालाघाटच्या टीव्हीच्या दुकानात रेकॉर्डिंगचा सेट-टॉप डबा घ्यायला आली.

दुकानदार महेंद्रने छतावरच्या अँटेनाला दोन डबे जोडले आणि चालू सोहळ्याचं तेच एक मिनिट दोन्हींत रेकॉर्ड केलं. पहिल्यात नुसती गर्दी दिसली. दुसऱ्यात त्याच गर्दीत पांढऱ्या लुगड्यातली एक बाई उभी होती.

"आई, पाह्य नं, तुह्यावानीच दिसते!" मागे खुर्चीवर बसलेल्या आईला आम्रपाली हसत म्हणाली.

महेंद्रने तेच मिनिट पुन्हा लावलं. आता बाई कॅमेऱ्याच्या बरीच जवळ आली होती. तिच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली होती, अगदी आईच्या चष्म्यासारखी.

तिसऱ्यांदा पडदाभर तिचाच चेहरा होता. ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. महेंद्रचा हात रिमोटवरच थांबला.

"दादा, पहिलाच डबा द्या," आम्रपाली घाईघाईने म्हणाली.

मागून आईने तिची ओढणी घट्ट धरली.

"काहून वो? दुसरा घे. नाही तं मी घरी कशी येईन?"